लिंक, एम्बेड, थंबनेल : व्हिडिओ सूचीच्या कॉपीराइट तपासणीच्या नोंदी

५ जानेवारी २०२६ : मोजदाद

आपल्या संकेतस्थळाच्या सूचीत हजाराच्या वर व्हिडिओ आहेत. नाटकांचे प्रयोग, कीर्तनं, व्याख्यानमाला, संगीत मैफली, लोककलांचं चित्रण, जुने चित्रपट. सगळं दुसऱ्यांनी कुठे ना कुठे चढवलेलं. आपल्याकडे फक्त माहिती आणि लिंक, असं धोरण आहे. पण पानांचा सोर्स उघडून पाहिला तर ‘लिंक’ या एका नावाखाली चार निरनिराळ्या गोष्टी सापडतात. पहिली साधी लिंक, टिचकी मारली की वाचक दुसऱ्या साइटवर जातो. दुसरी आयफ्रेम, म्हणजे त्यांचाच प्लेअर आपल्या पानात; यालाच एम्बेड म्हणतात. तिसरी हॉटलिंक, म्हणजे व्हिडिओ टॅगमध्ये दुसऱ्याच्या सर्व्हरवरच्या एमपी४ फाइलचा थेट पत्ता. चौथी, ‘मूळ व्हिडिओ उडाला तर असावा म्हणून’ उतरवून आपल्या सर्व्हरवर ठेवलेली प्रत.

चौथ्या प्रकाराबद्दल चर्चेला जागाच नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १४(डी) : चित्रपटाची प्रत करणं आणि ती कोणत्याही माध्यमात साठवणं हा मालकाचा हक्क. व्हिडिओ कायद्याच्या दृष्टीनं ‘चित्रपट’च आहे, मग तो मोबाइलवर काढलेला का असेना. या फाइली आजच काढल्या. बॅकअपमधल्याही काढायच्या आहेत, तीही साठवणच.

खरा प्रश्न आयफ्रेमचा. कलम २(एफएफ) प्रमाणे ‘कम्युनिकेशन टू द पब्लिक’ म्हणजे कलाकृती लोकांना पाहता, ऐकता, अनुभवता येईल अशी उपलब्ध करून देणं, मग प्रत्यक्षात कोणी पाहो न पाहो. आता उपलब्ध करून दिली कोणी? ज्यानं अपलोड केली त्यानं, की ज्यानं आपल्या पानात खिडकी उघडली त्यानं? कायद्याच्या मजकुरात याचं सरळ उत्तर नाही आणि सर्वोच्च न्यायालयानंही यावर निर्णय दिलेला नाही. म्हणून ‘एम्बेड म्हणजे उल्लंघन नव्हेच’ या गृहीतावर सूची उभी करायची नाही. एम्बेड हे लोकांपर्यंत पोहोचवणंच आहे असं उद्या एखाद्या न्यायालयानं म्हटलं, तरी आपल्या हातात परवानगी असली पाहिजे.

ती परवानगी यूट्यूबच्या अटींमध्येच आहे. व्हिडिओ चढवणारा इतर सगळ्या वापरकर्त्यांना जगभरासाठी विनामूल्य परवाना देतो, मात्र सेवेच्या सोयींतून होणाऱ्या वापरापुरताच, आणि त्या सोयींत एम्बेडचा उल्लेख नावानं आहे. म्हणजे चढवणारा खरा मालक असेल आणि त्यानं एम्बेड सुरू ठेवलं असेल, तर आयफ्रेमची काळजी बरीचशी मिटते. चढवणारा मालक नसेल तर त्या परवान्याची किंमत शून्य. जे स्वतःचं नाही ते तो दुसऱ्याला काय देणार?

हॉटलिंकला हा परवाना लागूच पडत नाही. तिथे ना प्लेअर, ना सेवेच्या अटी, ना मालकाच्या जाहिराती. बँडविड्थ मात्र त्याची. हॉटलिंकच्या जागी साध्या लिंका टाकल्या.

८ जानेवारी : एपीआयनं पहिली चाळणी

यूट्यूब डेटा एपीआय, तिसरी आवृत्ती, म्हणजे व्हिडिओंची माहिती प्रोग्रामनं यूट्यूबकडून मागवण्याची सोय. ‘व्हिडिओज.लिस्ट’ला एका विनंतीत ५० आयडी देता येतात आणि विनंतीला एक युनिट लागतं. रोजचा मूळ कोटा १०,००० युनिटांचा, त्यामुळे आपली सगळी यादी रोज तपासली तरी कोटा संपत नाही. शोधासाठीच्या ‘सर्च.लिस्ट’ला मात्र प्रत्येक वेळी १०० युनिटं पडतात. तिच्या वाटेला जायचं नाही; आयडी आपल्याकडे आहेतच.

मागवायचे भाग दोन, ‘स्टेटस’ आणि ‘कंटेंटडिटेल्स’. त्यातून एम्बेडची परवानगी आहे का, व्हिडिओ सार्वजनिक आहे, अनलिस्टेड (शोधात न दिसणारा, लिंक असेल त्यालाच उघडणारा) आहे की खासगी, परवाना यूट्यूबचा नेहमीचा की क्रिएटिव्ह कॉमन्स (इतरांना पुनर्वापराची मुभा देणारा खुला परवाना), कोणत्या देशांत बंद आहे आणि वयाचं बंधन आहे का, हे कळतं. काढून टाकलेला व्हिडिओ उत्तरात ‘एरर’ म्हणून येत नाही, तो फक्त गायब असतो. म्हणून पाठवलेले आयडी आणि परत आलेले आयडी यांची वजाबाकी करावी लागते. ती केली नाही तर मेलेल्या लिंका जिवंत म्हणून नोंदल्या जातात.

अनलिस्टेड व्हिडिओ एम्बेड होतो. म्हणून तो करावाच असं नाही. मालकानं तो ठरावीक लोकांना दाखवायला ठेवलेला असतो. सूचीत टाकला की तो उद्देशच मोडतो. अशा नोंदींवर मालकाचं पत्र असेल तरच एम्बेड.

क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुणेवर आंधळा विश्वास नको. तो पर्याय चढवणारा स्वतः निवडतो, यूट्यूब त्याची मालकी तपासत नाही. दुसऱ्याचं नाटक चढवून खाली क्रिएटिव्ह कॉमन्स निवडणारे महाभाग सूचीतच आहेत.

एपीआयची माहिती ताजी न करता ३० दिवसांपेक्षा जास्त साठवायची नाही, अशी धोरणातली अट. रोज रात्री आपोआप चालणाऱ्या तपासणीत (क्रॉन) ती पाळली जाते. व्हिडिओखालचं वर्णन आपल्या डेटाबेसमध्ये भरण्याची पद्धत बंद केली. ते कोणाचं तरी लेखन आहे. टीप आपली आपण लिहायची.

१२ जानेवारी : चढवणारा कोण?

यंत्राची चाळणी इथे संपते. पुढचं काम डोळ्यांनी.

प्रत्येक नोंदीला आता ‘स्रोत’ रकाना आहे आणि त्यात चारपैकी एकच शब्द बसतो : मालक, परवानाधारक, अनिश्चित, चोरीचा. मालक आणि परवानाधारक असतील तर एम्बेड. अनिश्चित असेल तर फक्त साधी लिंक, तीही चॅनेलला विचारणा पाठवून तिची तारीख नोंदवल्यावर. चोरीचा असेल तर लिंकसुद्धा नाही, कलाकृतीचा नुसता उल्लेख.

चोरीचा माल ओळखायला सवय लागते. स्वयंचलित ओळख चुकवण्यासाठी चित्र आरशासारखं उलटवलेलं असतं. एका संगीत नाटकाच्या चित्रणात सगळ्याच स्त्री-पात्रांचा पदर उजव्या खांद्यावर होता आणि पेटीवाल्याचा भाता उजव्या हाताखाली. मागच्या पडद्यावरची अक्षरं धूसर होती म्हणून ती वाचून कळलं नसतं, पदरानं सांगितलं. याशिवाय चित्राभोवती रंगीत चौकट, आवाज किंचित वरच्या पट्टीत, वाहिनीच्या बोधचिन्हावर फासलेला पट्टा, आणि वर्णनात ‘कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू नाही’ असं वाक्य. हे वाक्य म्हणजे मालक आपण नाही याची लेखी कबुलीच.

एवढी खबरदारी का? कारण ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ हा बचाव आपल्याला फारसा मिळणार नाही. सुपर कॅसेट्स विरुद्ध मायस्पेस या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं २३ डिसेंबर २०१६ रोजी सांगितलं की मध्यस्थाला (इतरांचा मजकूर लोकांपर्यंत नेणाऱ्या सेवेला) दोषी धरायचं तर सर्वसाधारण कल्पना असणं पुरेसं नाही, नेमक्या मजकुराची नेमकी माहिती हवी. वाचायला दिलासा वाटतो. पण मायस्पेसवर लाखो लोक स्वतः मजकूर चढवत होते. इथे प्रत्येक व्हिडिओ संपादकानं बसून पाहिला, निवडला आणि त्याला टीप लिहिली. निवडणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चं छत्र मिळणं अवघड, कारण त्या कलमाची एक अटच अशी की मध्यस्थानं मजकूर निवडलेला वा बदललेला नसावा. जाणूनबुजून उल्लंघन करणं किंवा त्याला साहाय्य करणं हा कलम ६३ खाली फौजदारी गुन्हाही आहे : सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. चोरीच्या व्हिडिओखाली ‘दुर्मीळ, काढून टाकण्याआधी पाहून घ्या’ अशी टीप लिहिणं म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा तयार करणं. सूचीत अशा अर्थाची वाक्यं होती. सगळी काढली.

१६ जानेवारी : थंबनेल

आयफ्रेमवरून वाद घालता घालता ज्याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं ती गोष्ट. पान लवकर उघडावं म्हणून बसवलेला प्लगइन प्रत्येक व्हिडिओचं थंबनेल (सुरू होण्याआधी दिसणारं छोटं चित्र) यूट्यूबच्या सर्व्हरवरून उतरवून आपल्या अपलोड फोल्डरमध्ये ठेवतो. वाचकाला आधी ते चित्र दिसतं, टिचकी मारल्यावर खरा प्लेअर येतो. वेगाच्या दृष्टीनं उत्तम. कायद्याच्या दृष्टीनं आयफ्रेमपेक्षा वाईट.

कलम १४(डी) नीट वाचलं तर चित्रपटाची प्रत करण्याच्या हक्कात ‘त्यातल्या कोणत्याही प्रतिमेचं छायाचित्र’ स्पष्टपणे धरलेलं आहे. म्हणजे एक फ्रेमसुद्धा. थंबनेल खास डिझाइन करून घेतलेलं असेल तर ती वेगळी कलाकृती, तिचा हक्क आणखी वेगळा. आणि ही प्रत आपल्या सर्व्हरवर आहे. एम्बेडच्या बाजूनं जगात कुठेही जो युक्तिवाद होतो तो ‘प्रत आमच्याकडे नाहीच’ इथून सुरू होतो. थंबनेलच्या बाबतीत तो पहिल्याच वाक्याला पडतो.

कलम ५२(१)(सी) चा आधार घेता येईल का हेही पाहिलं. लिंक किंवा प्रवेश देण्यासाठी झालेली क्षणिक वा आनुषंगिक साठवण तिथे माफ आहे, मालकानं स्पष्ट मनाई केलेली नसेल तर. पण वर्षभर फोल्डरमध्ये बसलेली जेपीजी क्षणिक कशी?

काढताना क्रम महत्त्वाचा. आधी प्लगइनमधला ‘थंबनेल स्थानिक ठेवा’ हा पर्याय बंद, नाहीतर पुसलेली चित्रं पुढच्याच भेटीत पुन्हा उतरतात. मग फोल्डर रिकामा. मग प्लगइननं त्याच चित्रांच्या केलेल्या वेबपी प्रती; त्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि हमखास राहून जातात. मग सीडीएनची, म्हणजे आपली पानं ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून पुरवणाऱ्या सेवेची, कॅश. शेवटी पानाच्या मेटा टॅगमधलं ओजी-इमेज, म्हणजे लिंक पाठवताना सोबत दिसणारं चित्र : तिथे जुना पत्ता राहिला तर व्हॉट्सॲपवर लिंक पाठवताना तुटकं चित्र दिसतं.

पर्याय दोन होते. चित्र यूट्यूबच्याच सर्व्हरवरून थेट दाखवायचं, किंवा चित्रच नको. पहिल्यात प्रत आपल्याकडे राहत नाही, पण वाचकानं टिचकी मारण्याआधीच त्याचा आयपी पत्ता गुगलकडे जातो. दुसरा निवडला : सपाट रंगाचं कार्ड, त्यावर शीर्षक, कलाकार, साल आणि एक त्रिकोण. दिसायला भकास आहे, पण यादी म्हणून वाचायला उलट सोपं झालं. टिचकीनंतर आयफ्रेम ‘यूट्यूब-नोकुकी’ या पत्त्यावरून उघडते.

२१ जानेवारी : १९६५ चे चित्रपट

चित्रपटाचा कॉपीराइट कलम २६ नुसार प्रकाशनानंतरच्या पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं. म्हणजे १९६५ मध्ये प्रदर्शित झालेले चित्रपट ३१ डिसेंबर २०२५ ला मोकळे झाले. सूचीतली अशी नावं ‘मालकी संपली’ म्हणून खुणावायला घेतली होती. थांबवलं.

‘साधी माणसं’ घ्या. भालजी पेंढारकरांचा १९६५ चा चित्रपट. चित्रपट म्हणून मुदत संपली, ध्वनिमुद्रणाचीही मुदत त्याच हिशेबानं ६० वर्षंच. पण कलम १३(४) सांगतं की चित्रपटाच्या कॉपीराइटमुळे त्यात वापरलेल्या कलाकृतींच्या स्वतंत्र कॉपीराइटला बाध येत नाही. संगीत ‘आनंदघन’ यांचं, म्हणजे लता मंगेशकरांचं. त्यांचं निधन २०२२ मध्ये. संगीतरचनेची मुदत मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०८२ अखेरपर्यंत. ‘ऐरणीच्या देवा तुला’ हे गीत जगदीश खेबुडकरांचं, त्यांचं निधन २०११ मध्ये. शब्दांची मुदत २०७१ अखेरपर्यंत. पटकथा-संवादांचा हिशेब आणखी निराळा. रीळ मोकळं झालं, त्यावरचं गाणं नाही.

व्यवहारात अर्थ असा : कोणीही चढवलेली जुन्या चित्रपटाची प्रत ‘आता सगळ्यांची’ म्हणून बिनधास्त एम्बेड करायची नाही. स्रोताची तपासणी तीच. फरक इतकाच की चढवणारा अनिश्चित असला तर इथे धोका कमी, म्हणून साधी लिंक विचारणा पाठवली जाण्याची वाट न पाहता चालू राहते. नवीन रकाना : ‘चित्रपटाची मुदत’ आणि ‘गीत-संगीताची मुदत’ वेगवेगळ्या. १९५८ च्या आधीचे चित्रपट बाजूला काढले, कारण तिथे १९११ च्या ब्रिटिश कायद्याची भानगड मध्ये येते आणि सरळ वजाबाकी चालत नाही.

२७ जानेवारी : व्याख्यानं

लहान पण वारंवार चुकणारी बाब. व्याख्यानमालेच्या आयोजकांनी चित्रण केलं, त्यांच्याच चॅनेलवर चढवलं. चित्रणाचे मालक ते. भाषणाचा मालक कोण? कलम १७(सीसी) : जाहीर भाषणाचा पहिला मालक भाषण करणारा. सभागृह कोणाचं, आयोजन कोणाचं, यानं फरक पडत नाही. आयोजकानं वक्त्याची परवानगी घेतलेली असते असं धरून चालण्याला हरकत नाही, कारण वक्ता समोर कॅमेरा पाहून बोलतो. पण प्रेक्षकातल्या कोणी मोबाइलवर काढून स्वतःच्या चॅनेलवर टाकलेलं भाषण म्हणजे दोघांचीही परवानगी नाही. अशा सगळ्या नोंदी ‘अनिश्चित’मध्ये. आयोजकांचं चित्रण उपलब्ध असेल तर लिंक तिकडे वळवायची; आवाजही तिथलाच बरा असतो.

कीर्तन, मैफल, तमाशा, नाटक यांत कलाकारांचे स्वतःचे हक्क आहेत, कलम ३८ आणि ३८ए, मुदत ५० वर्षं. साथीदारही कलाकारच.

२ फेब्रुवारी : प्लेअर का रुसतो

वाचकांच्या तक्रारी : ‘व्हिडिओ चालत नाही’. प्लेअर दाखवतो त्या त्रुटीच्या कोडवरून कारण ठरतं.

१०० : व्हिडिओ काढला किंवा खासगी केला. नोंद बंद.

१०१ आणि १५० : मालकानं एम्बेडला मनाई केली आहे. दोन्हींचा अर्थ एकच. इथे काही जण प्रॉक्सी किंवा दुसऱ्या प्लेअरमधून तोच प्रवाह दाखवण्याचा सल्ला देतात. तो मोह टाळायचा. मनाई हा मालकाचा स्पष्ट नकार आहे आणि ५२(१)(सी) मध्ये ‘स्पष्ट मनाई’ हेच शब्द निर्णायक आहेत. शिवाय परवान्याचा आधार एम्बेडच्या सोयीवर होता. सोयच बंद केली तर परवाना कुठला? आयफ्रेमच्या जागी आपोआप साधी लिंक येईल असा कोड टाकला.

१५३ : हा मनाईचा नाही, आपल्याच साइटचा दोष. सुरक्षेसाठी सर्व्हरवर ‘रेफरर-पॉलिसी’ हेडर ‘नो-रेफरर’ ठेवला होता. त्यामुळे कोणत्या पानावरून मागणी आली हे यूट्यूबला कळत नाही आणि ते प्लेअर नाकारतं. हेडर ‘स्ट्रिक्ट-ओरिजिन-व्हेन-क्रॉस-ओरिजिन’ केला आणि आयफ्रेमवरही तेच गुणधर्म दिले. सुटला.

प्लेअर किमान २०० बाय २०० पिक्सेल हवा, आणि त्याच्या कोणत्याही भागावर काहीही आच्छादायचं नाही. आपल्या पानावर ‘वर्गणीदार व्हा’ची पट्टी मोबाइलवर प्लेअरच्या खालच्या कडेवर सरकत होती. खाली ढकलली.

९ फेब्रुवारी : तक्रार

सकाळी ११.२० ला एका ध्वनिमुद्रण कंपनीच्या वकिलांचा ईमेल. ‘आमच्या मालकीच्या शास्त्रीय गायनाच्या ध्वनिमुद्रणाचा तुमच्या संकेतस्थळावर अनधिकृत वापर.’ गायिकेचं आणि रागाचं नाव आहे. पानाचा पत्ता नाही, मालकीचा कागद नाही.

कॉपीराइट नियम २०१३, नियम ७५ प्रमाणे तक्रारीत काय हवं : कलाकृती ओळखता येईल असं वर्णन, मालक किंवा अनन्य परवानाधारक असल्याचा तपशील, प्रत उल्लंघन करणारी आहे आणि कलम ५२ च्या अपवादात बसत नाही याचा तपशील, साठवणीची जागा, माहीत असल्यास चढवणाऱ्याचा तपशील, आणि २१ दिवसांत दावा दाखल करून न्यायालयाचा आदेश आणून देण्याची हमी. या सहापैकी ईमेलमध्ये अर्धं एक होतं. नियम ७५ प्रमाणे तक्रार पूर्ण असेल तर ३६ तासांत प्रवेश थांबवायचा, त्या जागी कारण सांगणारी सूचना लावायची, आणि २१ दिवसांत आदेश आला नाही तर पुन्हा सुरू करता येतं.

एक खोच. हा नियम क्षणिक साठवण करणाऱ्यासाठी आहे. आपण तर काहीच साठवत नाही, मग तो आपल्याला लागू आहे का? काटेकोरपणे पाहिलं तर शंका आहे, आणि म्हणूनच २१ दिवसांनंतर पुन्हा सुरू करण्याची मुभा हे आपल्यासाठी कवच समजू नये. पण शिस्त म्हणून तीच चौकट बरी : तारखा नेमक्या आहेत, तक्रारदारालाही ती ओळखीची असते.

अपुरी तक्रार म्हणून गप्प बसणं मात्र चूक. मायस्पेसच्या निकालानंतर प्रश्न ‘कधी कळलं’ हा असतो, आणि गायिका व राग कळल्यावर आपल्या यादीत ती नोंद शोधायला मिनिटही लागत नाही. दुपारी उत्तर पाठवलं : पानाचा पत्ता आम्ही शोधला आहे, हाच का, याची खात्री करा, मालकीचा तपशील आणि हमी पाठवा. संध्याकाळी होकार आला, बाकी काही नाही. रात्री एम्बेड काढून सूचना लावली. मुदत १० फेब्रुवारी रात्री ११.२० पर्यंत होती. २१ वा दिवस २ मार्च. नोंद पुसलेली नाही. शीर्षक आणि टीप तशीच, त्यांच्यावर कोणाचा हक्क नाही.

१४ फेब्रुवारी : मंडळांचं विजेट (दुसऱ्या साइटवर बसवायचा सूचीचा तुकडा)

२७ तारखेच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी परदेशातल्या काही महाराष्ट्र मंडळांना सूचीचा एक भाग स्वतःच्या साइटवर दाखवायचा आहे. विनंत्या कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि जर्मनीतून. एकच आयफ्रेम, तीन कायदे.

कॅलिफोर्निया नवव्या सर्किटखाली, म्हणजे त्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाखाली, येतं. तिथे ‘सर्व्हर टेस्ट’ : परफेक्ट १० विरुद्ध ॲमेझॉन, २००७. ज्याच्या सर्व्हरवर प्रत आहे तोच ती ‘दाखवतो’. एम्बेड करणारा फक्त पत्ता देतो. हनली विरुद्ध इन्स्टाग्राममध्ये जुलै २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं ती कसोटी कायम ठेवली. न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्हा न्यायालयात उलटं वारं. गोल्डमन विरुद्ध ब्राइटबार्ट, फेब्रुवारी २०१८, एम्बेड केलेल्या ट्विटमधलं छायाचित्र : सर्व्हर कुठे आहे याला महत्त्व नाही, दाखवलंत ते तुम्हीच. निकलेन विरुद्ध सिंक्लेअर, २०२१, तर व्हिडिओचाच खटला. उपासमार झालेल्या ध्रुवीय अस्वलाचा व्हिडिओ, मालकानं स्वतः इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर टाकलेला, प्रसारण कंपनीनं एम्बेड केलेला; दावा प्राथमिक टप्प्यावर फेटाळायला न्यायालयानं नकार दिला. मालकानं स्वतः टाकला म्हणजे सगळं मिटलं, असं नाही; त्या मंचाच्या अटी एम्बेड करणाऱ्याला परवाना देतात का, हे पाहावं लागतं. यूट्यूबच्या अटी देतात. इन्स्टाग्रामनं २०२० मध्ये जाहीरच केलं की आपल्या अटींतून एम्बेडसाठी उपपरवाना मिळत नाही. त्यामुळे विजेटमधून इन्स्टाग्रामच्या सगळ्या नोंदी वगळल्या. अमेरिकेत वैधानिक भरपाई दर कलाकृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर, हेतुपुरस्सर असेल तर दीड लाखांपर्यंत. मंडळाच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीतून भागणारी रक्कम नव्हे.

मधल्या सर्किटांतला फ्लावा वर्क्स विरुद्ध गुंटर, २०१२, वाचायला गमतीचा. सातव्या सर्किटचे न्यायमूर्ती पोस्नर म्हणतात की नियतकालिकानं नाटकाचं नाव आणि थिएटरचा पत्ता छापला म्हणून ते नाटकाचा प्रयोग करत नाही. शनिवारच्या वर्तमानपत्रातली नाटकांची पानं पाहणाऱ्या कोणालाही हे पटेल. पण तो निकाल चोरीच्या मजकुराची लिंक देण्याला सरसकट माफी देत नाही आणि न्यूयॉर्कला बांधीलही नाही.

जर्मनीत युरोपीय न्यायालयाची रांग. स्वेनसन, २०१४ : मालकाच्या परवानगीनं सर्वांना खुला असलेल्या मजकुराची लिंक म्हणजे नवीन प्रेक्षकवर्ग नव्हे. बेस्टवॉटर, त्याच वर्षी, यूट्यूब व्हिडिओच्या एम्बेडलाही तेच. जीएस मीडिया, सप्टेंबर २०१६ : मूळ मजकूरच विनापरवानगी असेल, तर लिंक देणाऱ्याला ते माहीत होतं का हे पाहायचं, आणि लिंक नफ्यासाठी दिली असेल तर माहीत होतं असं गृहीत धरायचं. व्हीजी बिल्ड-कुन्स्ट, ९ मार्च २०२१ : मालकानं फ्रेमिंग (आपला मजकूर दुसऱ्याच्या पानात दाखवणं) रोखणारे परिणामकारक तांत्रिक उपाय केले असतील तर ते चुकवून फ्रेम करणं म्हणजे नवीन संप्रेषण. इथे पुन्हा कोड १०१-१५० ची नोंद आठवावी.

निर्णय : विजेटमध्ये फक्त यूट्यूब, फक्त ‘मालक’ आणि ‘परवानाधारक’. ‘अनिश्चित’ नोंदींची लिंकसुद्धा नाही, कारण मंडळाच्या पानावर पुरस्कर्त्यांच्या जाहिराती असतात आणि जीएस मीडियामधलं नफ्याचं गृहीतक तिथे चिकटू शकतं. सर्वांत कडक न्यायालयात टिकेल ते सगळीकडे टिकेल. जर्मन मंडळाला टिचकीआधी काहीही लोड न होणारी आवृत्ती दिली.

१९ फेब्रुवारी : सभागृहाचा पडदा

एका मंडळाची विचारणा : सूचीतला व्हिडिओ कार्यक्रमात प्रोजेक्टरवर लावला तर? नाही. यूट्यूबच्या अटींत पाहणं वैयक्तिक, अव्यावसायिक वापरापुरतं आहे आणि सार्वजनिक प्रदर्शनाला नावानं मनाई आहे. प्रवेश विनामूल्य असल्यानं फरक पडत नाही. मालकाला थेट पत्र लिहा. पत्त्यासाठी चॅनेलचं ‘अबाउट’ पान. विजेटच्या तळाशी ही ओळ टाकली.

२४ फेब्रुवारी : परीक्षणातले तुकडे

परीक्षणांच्या पानांवर लेखकांना व्हिडिओतला विशिष्ट प्रसंग दाखवायचा असतो आणि ते तुकडा कापून चढवतात. कलम ५२(१)(ए) मध्ये टीका वा परीक्षणासाठी फेअर डीलिंगची, म्हणजे रास्त वापराची, सूट आहे आणि खरंच परीक्षण असेल तर तो बचाव बळकट आहे. पण त्यासाठी व्हिडिओ उतरवावा लागतो आणि ते यूट्यूबच्या अटींविरुद्ध. गरजही नाही : आयफ्रेमच्या पत्त्यात ‘स्टार्ट’ आणि ‘एंड’ हे सेकंदांतले आकडे दिले की तेवढाच भाग चालतो. १२ मिनिटं ४० सेकंदांपासूनचा प्रसंग हवा तर स्टार्ट ७६०. वाचकानं पट्टी मागे ओढली तर ‘एंड’ पाळला जाईलच असं नाही, ते चालेल. एम्बेडला मनाई असलेल्या व्हिडिओवर परीक्षण असेल तरच कापलेला तुकडा, तोही मजकुरात ज्याची चर्चा आहे तेवढाच, आणि संपादकाच्या सहीनं.

३ मार्च : २१ दिवसांनंतर

काल मुदत संपली. आदेश नाही, दाव्याची प्रत नाही, मालकीचा कागद नाही. नियमाप्रमाणे पुन्हा सुरू करायला एवढं पुरे. पण ९ तारखेच्या नोंदीत म्हटल्याप्रमाणे त्यावर विसंबायचं नव्हतं, म्हणून मधल्या काळात व्हिडिओच तपासला.

चॅनेल मैफल आयोजित करणाऱ्या संगीत मंडळाचं. चित्रण मैफलीचंच : दोन तानपुरे, समोर टाळ्या, एका समेनंतर तबलजी हातोडीनं गठ्ठा ठोकून तबला सुरात आणताना दिसतो. तक्रारदार कंपनीकडे याच गायिकेचं याच रागाचं स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क, कलम १४(ई), त्या मुद्रणापुरता असतो. तोच राग, तीच बंदिश, तोच गळा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ठिकाणी गायला तर पहिल्या मुद्रणाची प्रत होत नाही. बंदिश पारंपरिक, तिच्यावर जिवंत कॉपीराइट नाही. राहिला गायिकेशी झालेला अनन्य करार, तो असेल तर तिचा आणि कंपनीचा प्रश्न. आयोजकांकडे तिची लेखी परवानगी आहे आणि तिची प्रत त्यांनी पाठवली.

एम्बेड पुन्हा सुरू केलं. कंपनीच्या वकिलांना कारणांसह कळवलं. स्टुडिओतल्या मुद्रणाचा अनधिकृत व्हिडिओ दाखवून दिलात तर त्याची लिंक सूचीत येणार नाही, असंही लिहिलं. स्रोत रकाना : ‘मालक’. कलम ३८ए खाली तबला आणि पेटीच्या साथीदारांची परवानगी आयोजकांनी घेतली होती का, हे विचारलं आहे. उत्तर आल्यावर नोंदीत भरायचं.